उंदीर पकडणारा आणि दिवाळी अंक

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दसरा झाला की एक भांडण ठरलेलं, दिवाळी अंक. यंदाही झालं. एक जण म्हणाला कागद महाग, पोस्ट महाग, जाहिराती आटल्या, सरकारने अनुदान द्यायलाच पाहिजे. दुसरा म्हणाला वाचकच मेलाय, अनुदान काय तेराव्याला देणार? मी मध्येच तोंड घातलं (माझीच चूक) आणि आदल्या दिवशी पोस्टाने आलेल्या, मी खेळतो त्या एका खेळाच्या चाहत्यांनी काढलेल्या अंकाचा फोटो टाकला. ए-फाइव्ह साइज, 32 पानं, दोन पिना मारलेल्या, वर काळ्या शाईत काढलेला उंदीर पकडणारा आणि त्याचा कुत्रा. खाली लिहिलं, बघा, ना जाहिरात ना अनुदान. तर डोंबिवलीच्या मित्राचं उत्तर काय, "चाळिशी उलटली ना रे तुझी? राक्षसबिक्षस काय खेळतोस अजून." त्याखाली चार हसणारे इमोजी.

ते जे डोक्यात गेलंय ते अजून गेलेलंच आहे.

खेळाचं नाव वॉरहॅमर फँटसी रोलप्ले, गेम्स वर्कशॉपने 1986 साली काढलेला. त्यांचं मुख्यालय इथेच, इंग्लंडात नॉटिंगहमला लेंटनमध्ये, माझ्या बसच्या वाटेवर. टेबलाभोवती चार-पाच जण, एक जण गोष्ट पुढे नेणार, बाकीच्यांची एकेक पात्रं, आणि दहा बाजूंचे दोन फासे. अशा इतर खेळांत तुम्ही लढवय्ये नाहीतर जादूगार. इथे मात्र फासा टाकून धंदा ठरतो आणि नशीब फुटकं असलं की उंदीर पकडणारा बनता, ज्याच्या सामानात 'छोटा पण चावरा कुत्रा' असं पुस्तकात चक्क छापलेलं आहे. जग म्हणजे साधारण जुनी जर्मनी, चिखल, नाकी, रोगराई, लाच खाणारे शिपाई. मला तर पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं.

आता गंमत बघा. कंपनीचा जीव छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांत, त्यात पैसा, त्यामुळे थोड्याच वर्षांत हा खेळ सावत्र झाला. त्यांचं व्हाइट ड्वार्फ मासिक 1977 ला सुरू झालं तेव्हा दुसऱ्यांच्या खेळांबद्दलही छापायचं, पुढे नुसतं घरच्या मालाचं दुकान झालं. मग खेळणाऱ्यांनी आपले आपण अंक काढले. वॉर्पस्टोन नावाचा एक 1996 ला सुरू झाला, 30 अंक निघाले. खेळाचे हक्क या प्रकाशकाकडून त्या प्रकाशकाकडे फिरत राहिले, नियम बदलले, आवृत्त्या बदलल्या, आणि हे आपले काढतायत अंक. आणि व्हाइट ड्वार्फ तरी कुठून आलं? 1975 मध्ये लंडनला, हीच कंपनी काढणाऱ्या तिघा मित्रांनी आऊल अँड वीझल नावाचं पत्रक काढलं, ते अमेरिकेत गॅरी गायगॅक्सपर्यंत पोचलं, त्यातून यांना त्याचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा याच जातीचा खेळ कळला, 6 सेट मागवले आणि तेवढ्यावर युरोपात विकायचे हक्क पदरात पाडून घेतले. पत्रकावर!

त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ली गोल्ड या बाईंनी अलारम्स अँड एक्सकर्शन्स नावाचा अंक सुरू केला, का तर तिथल्या विज्ञानकथा क्लबच्या अंकात डंजन्स अँड ड्रॅगन्सचीच चर्चा फार होते अशी कुरकुर झाली म्हणून. पद्धत अशी की प्रत्येकाने आपली पानं लिहून बाईंकडे द्यायची, बाई ती जुळवून गठ्ठा सगळ्यांना पाठवणार. पानांची भिशीच म्हणा ना. ही भिशी 2025 पर्यंत चालली.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाइप केलं. रात्री एक वाजता, सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर काढायचा होता तरी. मित्राचं उत्तर आलं, "मनोरंजनचा दिवाळी अंक 1909 चा. तुझ्या गोऱ्यांच्या आधी 66 वर्षं. बरं, तू शेवटचा दिवाळी अंक विकत कधी घेतलास?"

हे मी सेन्सबरीजच्या सेल्फ चेकआउटवर वाचलं, हातात मील डील. फोन खिशात टाकला.

कारण घेतलेलाच नाही. इथे आल्यापासून एकही नाही. एकदा आई आली तेव्हा लोणच्याच्या बरणीला गुंडाळायच्या टॉवेलात एक अंक होता, तो आता लॉफ्टमध्ये ख्रिसमसच्या दिव्यांखाली असेल. या फॅन लोकांचेही बहुतेक अंक तिसऱ्या-चौथ्याला आटोपतात, हे मी ग्रुपवर सोयीस्करपणे गाळलं होतं. पण त्यातल्या मेलेल्यांनाही मी तीन-तीन पौंड दिलेत, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट तिकीट लावून पाठवलंय.

आणि खरी बोच वेगळीच. त्या फोटोतल्या अंकात दोन पानं माझी आहेत. उंदीर पकडणाऱ्यांचं सरकारी खातं, रात्रपाळी, माणशी रात्रीला 30 उंदीर, कमी भरले तर सकाळी मुकादमाची बोलणी. संपादक म्हणाला काय कल्पना आहे, कुठून सुचतं तुला. सुचतंय कसलं? मुंबई महापालिकेचं खातं आहे ते, 30 चा आकडासुद्धा त्यांचाच. परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक काका त्या नोकरीत होते. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ते परत येत असायचे, बगलेत काठी, हातात बॅटरी, आणि आधी नळावर बराच वेळ, अगदी बराच वेळ, हात धुवायचे. मग आम्हाला हाक मारायचे. आम्ही त्यांच्याकडचं काही खायचो नाही. ते हात धुणंही मी त्या लेखात घातलंय, आमच्या गुरुवारच्या पबच्या मागच्या खोलीत ते वाचून सगळे हसले आणि मीही हसलो, नेहमीसारखा सगळ्यांच्या थोडा मागून.

मित्राला खरं तर एवढंच सांगायचं होतं की अंक अनुदानावर चालत नाही, कुणीतरी पानं लिहून पाठवतं म्हणून चालतो. पण सांगणार कुठल्या तोंडाने, माझी पानं गेली कुठे?

परवा बसलो होतो काकांवर मराठीत लिहायला. चाळीत त्यांना काय म्हणायचे तेच आठवेना, उंदीरमाऱ्या की आणखी काही, आणि पहिलं वाक्य सुचलं तेही इंग्रजीत. मित्राला अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रुपवर आता चकल्यांचे फोटो सुरू झालेत.