रायडर पडला म्हणजे रायडरच चुकला?

बाइक रेसमध्ये कुणी पडलं की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, घाई नडली, ब्रेक उशिरा मारला. दुसरा म्हणतो, टायरनं दगा दिला. पुरावा दोघांकडे एकच, टीव्हीवर पाच वेळा दाखवलेली तीच क्लिप. त्या क्लिपमध्ये फक्त शेवट दिसतो, आणि शेवटी हँडल रायडरच्याच हातात असतं. त्यामुळे खापर त्याच्यावर फोडणं सगळ्यात सोपं.

माझं मत असं की 'रायडरची चूक' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, आणि तो काढायची एक बऱ्यापैकी निर्दयी कसोटी आहे. तेच वळण घ्या, पडायच्या आधीचे चार-पाच लॅप घ्या आणि डेटा एकावर एक ठेवा. ब्रेक कुठे धरला, लिव्हरवर सर्वाधिक दाब किती होता, ब्रेक किती वेळात सोडला, बाइक किती अंशांनी कलली होती, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) कुठे उघडला, लाइन म्हणजे बाइकचा वळणातला मार्ग कुठून गेला. हे सगळं आधीसारखंच असेल आणि तरीही पुढचं चाक गेलं, म्हणजे घसरलं, तर रायडरनं वेगळं काही केलेलंच नाही. मग वेगळं झालं ते टायरमध्ये, गाडीत किंवा डांबरावर. आणि इनपुट, म्हणजे रायडरच्या या हालचाली, बदललेले दिसले, तरी लगेच शिक्कामोर्तब नाही. ते का बदलले हा पुढचा प्रश्न.

किती फरक म्हणजे फरक? समजा वळणात शिरताना वेग ताशी ११० किमी आहे आणि ब्रेकिंग साधारण १ जीचं (गुरुत्वाकर्षणाइतकं). ब्रेक फक्त ५ मीटर उशिरा धरला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर वळायच्या जागी वेग ११६च्या आसपास असतो. ऐकायला ६ किमी किरकोळ वाटतात. पण वळणात लागणारी ग्रिप वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच लाइनवर सुमारे १० टक्के जास्त ग्रिप हवी. बाइक आधीच ५५-६० अंश कललेली असताना ते १० टक्के आणायचे कुठून? त्यामुळे पाच मीटरचा फरक दिसला तर रायडरची बाजू घेणाऱ्यांनी जरा थांबावं. दीड-दोन मीटर मात्र कुणाचेही इकडेतिकडे होतात.

आता टायर प्रेशर. या वादात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मोटोजीपीत, म्हणजे बाइक रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, पुढच्या टायरचं किमान प्रेशर २०२३ मध्ये १.८८ बार (प्रेशरचं एकक) होतं, २०२४ पासून १.८० बार. मुख्य रेसच्या ६० टक्के आणि स्प्रिंटच्या (शनिवारच्या छोट्या रेसच्या) ३० टक्के लॅपमध्ये ते पाळावं लागतं. नाही पाळलं तर मुख्य रेसमध्ये १६ सेकंदांचा दंड, स्प्रिंटमध्ये ८. वाचायला सरळ. पण टायर कुणाच्या मागे आहे यावर त्याचं प्रेशर ठरतं. पुढे मोकळी हवा असेल तर टायर थंड राहतो. चार बाइकच्या मागे अडकला की गरम हवा, कमी वारा, जास्त ब्रेकिंग, आणि प्रेशर दोन-तीन दशांश बार वर. ते २ बारच्या बरंच वर गेलं की टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि ब्रेक धरून वळणात शिरताना पुढचं चाक लॉक व्हायला लागतं.

म्हणजे ग्रिडवर मेकॅनिकनं अंदाज बांधायचा की पाचव्या लॅपला आपला माणूस पहिला असेल की सातवा. पहिला असेल असं धरून प्रेशर भरलं आणि सुरुवात फसून तो सातवा पडला, तर पुढचा टायर त्याला जमिनीवर घालणार, आणि क्लिप बघून सगळे म्हणणार, ओव्हरटेक करायच्या नादात गेला. उलटही होतं. २०२५ मध्ये थायलंडला मार्क मार्केझ आघाडीवर होता. प्रेशर कमी पडतंय म्हणून त्यानं धाकट्या भावाला, अलेक्सला, मुद्दाम पुढे जाऊ दिलं, बरेच लॅप त्याच्या मागे काढले, टायर तापवला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. त्याच वर्षी कतारला माव्हेरिक व्हिन्यालेस दुसरा आला आणि १६ सेकंदांच्या दंडानं थेट चौदावा झाला. हवा भरली टीमनं, गुण गेले रायडरचे. (मला हा नियम सुरक्षेसाठी पटतो, दंडाची ही पद्धत नाही.)

क्लब रेसिंगमध्ये हे आकडे लागू नाहीत, पण भौतिकशास्त्र तेच. २० अंशांना १.५ बार भरलेला टायर आतून ९० अंशांना पोचला की प्रेशर साधारण २.१ होतं. दर १० अंशांना सुमारे ०.०८ ते ०.१ बार. म्हणून थंड टायरचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, वॉर्मर (टायर तापवणारं विजेचं आवरण) काढल्याबरोबर मोजलेला गरम आकडाच सांगा. आणि वॉर्मर ८०-९० अंशांवर किमान तासभर लावा. वीस मिनिटांत वरचं रबर तापतं, आतला सांगाडा आणि रिम थंडच राहतात. पहिल्याच लॅपला रिम ती उष्णता शोषून घेते आणि तिसऱ्या वळणावर 'विनाकारण' पडलेला रायडर तयार होतो. गेज एकच वापरा. दोन गेजमध्ये ०.१ बारचा फरक सहज निघतो.

उपकरण आणि रायडर यांची सीमारेषा किती धूसर असते ते बघायचं तर २०२०ची स्टायरियन ग्रां प्री घ्या. रेड बुल रिंगवर ब्रेकना प्रचंड काम असतं. पहिल्या वळणाआधी व्हिन्यालेसचा ब्रेक गेला आणि ताशी २२० किमीच्या आसपास त्यानं बाइकवरून उडी मारली. बाइक एअर फेन्सवर (ट्रॅककडेच्या हवा भरलेल्या कुंपणावर) आदळून पेटली, रेस थांबवावी लागली. ही सरळसरळ ब्रेकची चूक? ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बोनं तिथे जास्त थंड राहणारे नवे कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) दिले होते, त्यानं जुनेच ठेवले होते. लिव्हर सैल होतोय हे त्याला आधीच्या लॅपमध्ये जाणवलं होतं, तरी तो रेसमध्ये राहिला. उलट बाजूनं, जुने कॅलिपरही नियमात बसणारे आणि आधीच्याच आठवड्यात त्याच ट्रॅकवर वापरलेले होते. माझा हिशोब: बिघाड उपकरणाचा, जोखमीचा निर्णय रायडर आणि टीम दोघांचा, आणि उडी मारायचा निर्णय शंभर टक्के बरोबर. एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला हे आवडत नाही, इलाज नाही.

याउलट २०२३ची बार्सिलोना. पहिल्याच वळणावर एनेआ बास्तियानिनीनं ब्रेकिंग चुकवलं आणि स्वतःसकट पाच डुकाटी बाइक बाहेर काढल्या. इथे डेटा मागवायचीही गरज नाही. पुढच्याच वळणावर आघाडीवरचा बान्याया हाय-साइड होऊन उडाला. दोन्ही अपघात काही सेकंदांच्या अंतरानं झाले, पण दुसऱ्यावर पहिल्यासारखा झटपट निकाल देता येत नाही. हाय-साइडमध्ये मागचं चाक आधी घसरतं आणि मग अचानक ग्रिप पकडतं. थ्रॉटल आधी जास्त उघडला, की आधी चाक सुटलं आणि मग रायडरनं घाबरून थ्रॉटल बंद केला, हा क्रम सेकंदाच्या दहाव्या भागात ठरतो. पुढच्या-मागच्या चाकाच्या वेगाची रेष आणि थ्रॉटलची रेष शेजारी ठेवल्याशिवाय तो कळत नाही.

ट्रॅकबद्दल लोक एक नियम सांगतात: एकाच जागी अनेक जण पडले तर दोष ट्रॅकचा. अर्धा खरा आहे. २०१८ला सिल्व्हरस्टोनवर नवीन डांबर पाणी वाहून नेत नव्हतं. सरावात स्टो वळणावर एकामागून एक बाइक पाण्यावर तरंगत बाहेर गेल्या, आधीच बाहेर गेलेल्या तितो राबातवर मोर्बिदेलीची बाइक आदळून त्याचं मांडीचं हाड मोडलं, आणि रविवारी रेस रद्द झाली. तिथे रायडरला दोष देणारा माणूस पावसात बाइक चालवलेला नसावा. पण जर्मनीतल्या झाक्सेनरिंगचं अकरावं वळणही दर वर्षी माणसं पाडतं, आणि तिथे डांबराचा दोष नाही. त्या ट्रॅकवर १० डावी वळणं आणि फक्त ३ उजवी. लागोपाठ डावी वळणं घेताना टायरची उजवी बाजू थंड पडते आणि मग एकदम उतारावरचं जोरात घ्यायचं उजवं वळण येतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या लेखी आधीच माहीत असलेली परिस्थिती हा रायडरच्या कामाचा भाग आहे, न सांगता आलेली नाही. २०२५ला ऑस्टिनमध्ये मार्क मार्केझ आघाडीवर असताना ओल्या कर्बवर (ट्रॅकच्या रंगीत कडेवर) जास्त चढला आणि पडला. कर्ब ओला होता हे खरं, पण तो ओला आहे हे दिसतही होतं. चूक त्याची. २०१९ला फिलिप आयलंडच्या सरळ रस्त्याच्या टोकाला वाऱ्यानं ऑलिव्हेराला ताशी ३०० किमीच्या आसपास ट्रॅकबाहेर फेकलं आणि त्यानंतर पात्रता फेरी रविवारवर ढकलली. तिथे त्याची चूक शोधणं हास्यास्पद आहे.

फिलिप आयलंडचंच २०१३ विसरू नका. नव्या डांबरावर टायर टिकेनात म्हणून रेस १९ लॅपची केली आणि एका टायरवर १० लॅपची मर्यादा घातली. मार्क मार्केझच्या टीमनं मोजणीत घोळ केला, त्याला एक लॅप उशिरा बोलावलं आणि काळा झेंडा, म्हणजे बाद, मिळाला रायडरला.

डेटा लॉगर नसलेल्यांनी काय करावं? बाइक पिटमध्ये आली की पुसायच्या आधी बघा. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळीला लावलेला झिप टाय पार तळाला टेकला असेल तर फोर्क बॉटम झाला होता (पूर्ण दबला होता), म्हणजे त्या क्षणी सस्पेन्शनचं काम एकटा टायर करत होता. खड्ड्यावर चाक उडून लॉक होणारच. ५ ते १० मिमी शिल्लक राहायला हवेत. ब्रेक सोडल्यावर, वळणाच्या मध्यात पुढचं चाक गेलं असेल तर रिबाउंड डॅम्पिंग (फोर्क वर येण्याचा वेग आवरणारी सेटिंग) तपासा, फोर्क झटकन वर येऊन पुढचा भार पळाला असेल. चेनचा ताण तपासताना पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आणा. त्या स्थितीत ती ताठ असेल तर मागचं सस्पेन्शन दबूच शकत नाही. बेली पॅनमध्ये (इंजिनखालच्या तबकात) आणि मागच्या टायरच्या कडेला ऑइल आहे का बघा, ड्रेन प्लग सुटू नये म्हणून बांधलेली लॉकवायर बघा. रेडिएटरमध्ये ग्लायकॉलवालं कूलंट असेल तर मागच्यालाही पाडलं असण्याची शक्यता आहे, ते सांडलं की वाळत नाही. पडल्यानंतर पुढच्या टायरमध्ये हवा कमी निघाली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. रिमला मार बसून किंवा बीड (टायरची रिमला बसणारी कड) हलूनही हवा जाते.

आणि पडण्याचं कारण वेगळं, दुखापतीचं वेगळं. २०१६ला बार्सिलोनाच्या बाराव्या वळणावर सरावात लुईस सालोमचा मृत्यू झाला. तो का पडला यावर खूप वाद झाला. पण तिथे बाहेरची मोकळी जागा डांबराची होती, बाइक आणि रायडर दोघंही फारसा वेग न गमावता एअर फेन्सपर्यंत पोचले. त्याच शनिवार-रविवारी ट्रॅकचा मार्ग बदलावा लागला. म्हणून अपघाताच्या अहवालात मला तीन वेगळ्या ओळी हव्या असतात: ग्रिप का गेली, ती गेल्यावर बाइक सावरता का आली नाही, आणि पडल्यावर इतकं का लागलं. तिन्ही ओळींत 'रायडरची चूक' एवढंच लिहिलेला कागद मी परत पाठवीन.