३० मिलिअँपिअरचा हिशेब

गिरगावातल्या आमच्या चाळीत दारातून आत येताच डाव्या हाताला, डोक्याच्या वीतभर वर, एका सागवानी फळीवर आमचा फ्यूजबोर्ड होता. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. हा बोर्ड त्याच्याही आधीचा. बिडाच्या पेटीतला मेन स्विच, त्याच्या शेजारी चिनी मातीचे चार किटकॅट, म्हणजे जास्त प्रवाहाने वितळणारी फ्यूजची तार धरणारे ठोकळे, आणि या सर्वांवर तीन पिढ्यांच्या फोडण्यांचा चिकट थर, अशी ती मांडणी होती. चिनी माती मूळची पांढरी होती, हे मला वायरमनने ती पुसली तेव्हा कळले.

वडील होते तोवर फ्यूज बांधण्याचा अधिकार त्यांचा होता. फ्यूजच्या तारेचे कार्ड ते देवघराच्या खणात वातींच्या शेजारी ठेवत, कारण दोन्ही वस्तू अंधारातच लागतात असे त्यांचे म्हणणे होते. पाच अँपिअरची ती तार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या दोन-तीन पट जाड. चष्मा कपाळावर सरकवून, श्वास रोखून ते ती बांधत आणि त्या वेळी घरात कोणी शिंकलेलेही त्यांना चालत नसे. या तारेने आमच्या कुटुंबाला शिस्त लावली होती. इस्त्री लावण्यापूर्वी ती लावणाऱ्याने मोठ्याने तसे जाहीर करायचे, स्वयंपाकघरातून ‘मिक्सर बंद आहे’ असे उत्तर यायचे आणि मगच खटका खाली जायचा. पाहुण्यांना हा संवाद ऐकून आपण एखाद्या रेल्वेच्या केबिनमध्ये बसलो आहोत असे वाटत असे.

वडिलांनंतर हा अधिकार माझ्याकडे आला आणि पहिल्याच पावसाळ्यात ऐन रात्री फ्यूज उडाला. कार्डावरची तार संपली होती. मी एका निकामी इस्त्रीची वायर सोलली, तिच्यातले तांब्याचे चार पदर पिळून एकत्र केले आणि किटकॅटमध्ये आवळले. त्यानंतर सतरा वर्षे आमचा फ्यूज एकदाही उडाला नाही. माझ्या हातगुणाची चाळीत थोडीफार कीर्तीही झाली, आणि त्या कीर्तीच्या जोरावर मी आणखी तीन बिऱ्हाडांचे फ्यूज तसेच बांधून दिले. ती बिऱ्हाडे कोणती, हे येथे सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. फ्यूज उडत नाही म्हणजे वायरिंग दणकट आहे असा निष्कर्ष काढून आम्ही घरात एकेक करून दोन हजार वॅटचा गिझर, धुलाईयंत्र आणि अखेर एसी आणला. इस्त्रीची घोषणा बंद पडली.

यंदा गणपतीला वीस दिवस राहिले असताना संध्याकाळी घरात रबर जळाल्याचा वास येऊ लागला. चाळीतल्या रीतीप्रमाणे पहिले दोन दिवस आम्ही तो शेजाऱ्यांचा समजलो आणि त्यांनी तो आमचा समजला, पण सभ्यपणामुळे कोणीच काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी छत्री अडकवताना माझा हात फळीला लागला. सागवान चांगलेच गरम होते.

वायरमन आला तो तिशीचा, लालबागचा आणि मितभाषी होता. त्याने मेन स्विच पाडला, पहिला किटकॅट उपसला आणि माझ्या त्या चार पदरांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

‘काका, ही फ्यूजची तार नाही. हिच्यावर कपडे वाळत घालता येतील.’

दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. पाच अँपिअरच्या जागी मी जे बांधले होते, ते वितळण्याआधी भिंतीतली वायर वितळली असती आणि तसा विचार तिने सुरूही केला होता. लाकडी पट्टी उचकटल्यावर आतली जुनी वायर दिसली. तिच्यावर रबराचे वेष्टन आणि वरून सुती विणीचे आवरण असे. सूत शाबूत होते, पण रबर बोट लावताच शिळ्या शेवेसारखे झडले. इतकी वर्षे आमच्या भिंतींतून वीज नुसत्या सुती कपड्यांवर वावरत होती. त्याहून मोठा धक्का म्हणजे चारपैकी दोन किटकॅट न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, होते. न्यूट्रलचा फ्यूज एकटा उडाला तर दिवा विझतो, पण वीज आणणारी फेज होल्डरपर्यंत येऊन शांतपणे वाट पाहत राहते. १९५६ च्या वीज नियमांनी न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज ठेवण्यास मनाई केली. यावरून एक तर आमचा बोर्ड त्याआधीचा असावा किंवा आजोबांच्या वायरमनला नियमांचे वावडे असावे. अर्थिंगचे, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेचे, विचारले तेव्हा मी अभिमानाने पाण्याच्या नळाला गुंडाळलेली तार दाखवली. तो नळ दहा वर्षांपूर्वी प्लास्टिकचा झाला आहे, एवढेच त्याने सांगितले.

सामान आणायला मी स्वतः लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो. दलालाशिवाय स्वस्त मिळेल, असा माझा होरा होता. दुकानदाराने ‘एमसीबी कितीचा?’ असे विचारले. एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा, आपोआप पडणारा खटका. त्याचे उत्तर मी पाठ करून आलो होतो. नंतर त्याने ‘बी कर्व्ह की सी कर्व्ह?’ असे विचारले आणि मागे रांगेत सात माणसे उभी असताना मला शाळेतल्या तोंडी परीक्षेची आठवण झाली. प्रवाह नेमून दिलेल्या मर्यादेच्या तीन ते पाच पट झाला की क्षणात पडतो तो बी, पाच ते दहा पटींवर पडतो तो सी. मोटर सुरू होताना जो धक्का देते तो सी सोसून घेतो, म्हणून एसीला तोच लावतात. हे मला रांगेतल्या एका कळकट पिशवीवाल्या मुलाने सांगितले. त्याचे वय सोळा असावे. मी दोन्ही प्रकारचे घेऊन आलो आणि त्यातले निम्मे परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

वीज कचेरीतल्या कामाविषयी वाचकांना उत्सुकता असेल. वाढीव लोडचा अर्ज आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल दिला आणि काम सांगितलेल्या दिवशी झाले. विनोदी लेखकाच्या दृष्टीने ही घोर निराशा आहे, पण इलाज नाही.

भिंतींना झिऱ्या मारण्याचे काम चार दिवस चालले. त्या चार दिवसांत विटांची पूड वरणात, अंथरुणात आणि आईच्या जपमाळेत गेली. वायरमन पॉइंटप्रमाणे पैसे घेणार होता, म्हणून मी एकेका पॉइंटसाठी घासाघीस केली. दाराबाहेर गॅलरीत, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या दाराच्या मधोमध, पूर्वापार एक पिवळा बल्ब आहे. त्याचा खटका आमच्या चौकटीवर आहे. ‘तो चालू आहे, त्याला हात लावू नका’ असे मी बजावले आणि एक पॉइंट वाचवला. वायरमन काहीतरी पुटपुटला. ते मी ऐकायला हवे होते.

नवा डीबी, म्हणजे फ्यूजबोर्डाचा वारस, देखणा झाला. पांढरी पेटी, आत ओळीने एमसीबी आणि सुरुवातीला एक आरसीसीबी. या शेवटच्या वस्तूचा स्वभाव मला वायरमनने समजावला. फेजमधून जितका प्रवाह बाहेर गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत गेली की, ती कोणाच्या अंगातून गेली असेल असे धरून, हे यंत्र क्षणार्धात सगळे घर बंद करते. जुन्या फ्यूजने आमच्या सर्व अपराधांवर पांघरूण घातले होते; हा नवा गृहस्थ मात्र वाण्याकडच्या दोन रुपयांचाही हिशेब मागणाऱ्या आत्याबाईंच्या वळणाचा होता.

पहिल्याच संध्याकाळी सातच्या सुमाराला खट्ट असा आवाज झाला आणि घर अंधारात बुडाले. दुसऱ्या संध्याकाळी तेच झाले, तिसऱ्या संध्याकाळीही तेच. आम्ही फ्रिजवर संशय घेतला, गिझरची वायर काढून ठेवली, धुलाईयंत्राला वाळीत टाकले. बरोबर दिवेलागणीलाच हे घडते म्हणून आईने घराची दृष्ट काढली. चिरंजीवांनी वहीत तक्ता आखला आणि चौथ्या दिवशी जाहीर केले की आजी गॅलरीतला बल्ब लावते त्याच क्षणी लाइट जाते. आईला हा आरोप आवडला नाही.

वायरमनने बल्बचा होल्डर उघडला, टेस्टर लावला, मग शेजाऱ्यांच्या दारावरची पट्टी उचकटली आणि स्टुलावर बसून हसू लागला. बल्बाची फेज आमची होती आणि न्यूट्रल शेजाऱ्यांची. आमचे आजोबा आणि त्यांचे आजोबा यांनी कधीकाळी वायर कमी पडली म्हणून किंवा स्नेह जास्त होता म्हणून हा संसार जुळवला होता. चाळीस वॅटचा बल्ब, म्हणजे जवळपास १७५ मिलिअँपिअर रोज संध्याकाळी आमच्या घरातून बाहेर पडत होते आणि शेजाऱ्यांच्या दाराने परतत होते. आत्याबाईंना हे खपणे शक्यच नव्हते. अनेक नवे मीटर दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि जास्त असेल तो धरतात. तेव्हा या एका बल्बाचे बिल कदाचित दोन्ही घरे भरत असतील, असेही वायरमनने सुचवले.

मी वाचवलेला तो पॉइंट आता दुप्पट दराने झाला. बल्बाची न्यूट्रल आमच्या घरात आली, खटका दाबला, उजेड पडला आणि आतले दिवे तसेच राहिले. वायरमनने पक्कड पुसून पिशवीत टाकली. एवढ्यात शेजारच्या काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

‘अरे, तो आलाच आहे तर आमच्याकडे जरा डोकावेल का? देवघरातला झिरोचा बल्ब लागतच नाही. तीन बदलले. तुमची तोडफोड सुरू झाली ना, त्या दिवसापासूनच हे चाललंय, पण म्हटलं कशाला बोलायचं.’

त्यांचे देवघर आमच्या सामाईक भिंतीला टेकून आहे. वायरमनने एकदा त्या भिंतीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पिशवीतून टेस्टर पुन्हा बाहेर काढला.