फोड रक्तातून येत नाहीत

सध्या एक मेसेज फिरतोय: "मुलाच्या अंगावर जन्मापासून फोड येत असतील, कातडी सोलत असेल, तर रक्त अशुद्ध आहे. कडक पथ्य करा. इतर मुलांना जवळ येऊ देऊ नका. जन्माचं दुखणं, औषध नाही. डॉक्टरांकडे खेटे घालू नका." मला तो तीन जणांनी पाठवला. माझ्या भाचीला एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे असाच जन्मजात फोडांचा आजार आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

रक्त अशुद्ध? कातडीचा वरचा थर खालच्या थराला प्रथिनांच्या धाग्यांनी बांधलेला असतो. ते घडवणाऱ्या जनुकात दोष असला की साध्या घासण्यानेही थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. भाचीच्या प्रकारात कमी पडतं ते यातलंच एक प्रथिन, सातव्या प्रकारचं कोलॅजेन. तिचे कपडे आम्ही उलटे घालतो, शिवण बाहेर. एकदा विसरलो, तर संध्याकाळी काखेत बोटभर लांब फोड. तो निर्जंतुक सुईने टोचायचा, पाणी हलकेच काढायचं, वरची कातडी मात्र ठेवायची. जखमेचं पांघरूण तीच असते.

पथ्याचा सल्ला सगळ्यात घातक. उघड्या जखमांतून प्रथिनं वाहून जातात, जखम भरायला आणखी लागतात. बऱ्याच मुलांच्या तोंडात आणि अन्ननलिकेतही फोड येतात, गिळताना दुखतं, वजन वाढत नाही, लोह कमी पडतं. अशा पोराचं खाणं तोडायचं?

लागण म्हणाल, तर जनुकातला दोष हात लावल्याने लागत नाही. जंतूंमुळे होणारे, पसरणारे फोड वेगळे. त्यांवर योग्य औषध मिळालं की ते थोड्या दिवसांत जातात.

आता "औषध नाही" हे. 2015 मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे सात वर्षांच्या एका मुलाची बहुतेक कातडी गेली होती. त्याच्या कातडीचा छोटा तुकडा घेऊन इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या चमूने पेशींत निरोगी जनुक घातलं, त्यातून कातडी वाढवली आणि ती त्याच्या अंगाच्या सुमारे 80 टक्के भागावर बसवली. ती टिकली. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने व्हायज्युवेक या जेलला मान्यता दिली. त्यात निष्प्रभ केलेला हर्पिसचा विषाणू कोलॅजेनचं जनुक घेऊन जखमेतल्या पेशींत जातो. आठवड्यातून एकदा जखमेवर थेंब थेंब सोडायचं.

आजार मुळापासून जातो असं मी म्हणत नाही. जेलने जखमा भरतात, नव्या येतच राहतात, आणि ते फक्त सातव्या कोलॅजेनच्या दोषावर चालतं. बोखुमच्या मुलाचं बिघडलेलं जनुक वेगळं होतं. म्हणून कोणतं जनुक बिघडलंय ते आधी कळायला हवं, आणि ते पथ्याने नाही, डॉक्टरांनी करवलेल्या जनुक तपासणीने कळतं.