“डेटा डी ला आहे ना?”

नाही. डी ला नाही. त्या पीसीत डी ड्राइव्हच नाहीये. आणि असता तरी मला फॉरमॅट मारायचं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं नव्हतं, हे मी दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलं होतं, सीपीयू काउंटरवर टेकवायच्याही आधी. तरी त्या पोराने मोबाइलमधून मान वर न करता विचारलंच, “डेटा डी ला आहे ना? मग मारून टाकू फॉरमॅट.”

मारून टाकू! नाशिकच्या एम.जी. रोडवर कुठल्याही दुकानात जा, दुखणं काहीही असो, औषध एकच. प्रिंटर सापडत नाही? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. पायाला ठेच लागली म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्याने करवत बाहेर काढावी, त्यातली गत. अरे बाबा, विंडोज सुरू होत नाहीये, बास, एवढंच झालंय. डिस्क जिवंत आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, नावानिशी दिसतेय. माझ्या फायली तिच्यावर जशा होत्या तशा पडल्यात. त्या फक्त बाहेर काढून दे, मग त्या विंडोजचं काय लोणचं घालायचं ते घाल.

तर “नाही हो, आधी फॉरमॅट मारू, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने डेटा काढू.” हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. एसएसडी आहे रे ती! जुन्या हार्डडिस्कचे दिवस गेले, तेव्हा पुसलेलं सुद्धा महिनाभर कुठेतरी कोपऱ्यात सापडायचं. एसएसडीला एकदा विंडोजने सांगितलं की ही जागा रिकामी झाली, की ती स्वतःच झाडून पुसून मोकळी होते. त्यानंतर सॉफ्टवेअर फिरवा नाहीतर अंगारा लावा. आणि हे मी, एक डीटीपीवाला माणूस, त्याला सांगतोय. ज्याच्या दुकानावर ‘डेटा रिकव्हरी एक्स्पर्ट’ असा फ्लेक्स आहे. त्या फ्लेक्सवर ‘रिकव्हरी’ची वेलांटी चुकलीये, हे वेगळंच.

ऐन मे महिना. लग्नसराई. गुरुवारी संध्याकाळी अपडेट चालू असताना आमच्या सिडकोत अवकाळीचे चार थेंब पडले, लाईट गेली. यूपीएसने टींव टींव केलं आणि मान टाकली. त्या यूपीएसच्या बॅटरीबद्दल मी वेगळं बोलेन, ‘दोन वर्षं बघायचं नाही’ म्हणून गळ्यात मारली होती. लाईट आल्यावर बटण दाबलं तर ते गोल फिरणारे ठिपके, मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’, मग रिस्टार्ट, मग परत ठिपके. रात्रभर आपलं तेच. आणि आत एका पत्रिकेची फायनल फाइल. फायनल म्हणजे, मुलाच्या आत्याचं नाव मामीच्या खाली गेलं म्हणून बदललेली, मग दिवंगत आजोबांच्या आधी ‘कै.’ राहिलं म्हणून बदललेली, मग ‘किलबिल’मध्ये एका नातवाचं नाव आलं नाही म्हणून तो रडला, म्हणून बदललेली. ती फायनल. आता पहिल्यापासून कर म्हणता?

आणि हो, जो जो भेटतो तो विचारतो, “बॅकअप नव्हता का घेतला?” घेतो ना. दर शुक्रवारी. हे गुरुवारी झालं. बायकोचा भाऊ हिंजवडीत आहे, त्याने फोनवर ऐकवलं, “दाजी, क्लाउडला टाकत जा ना सगळं.” तुझ्या क्लाउडला माझ्या बारा बाय आठच्या फ्लेक्सच्या फायली झेपतील रे, इथल्या नेटला झेपत नाहीत. सगळ्यात हुशार आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, कोरल ड्रॉ. सेव्ह केलं की ते इमाने इतबारे ‘बॅकअप ऑफ’ नावाची दुसरी फाइल करतं. कुठे? त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर, पहिल्या फाइलच्या मांडीला मांडी लावून. बुडाली तर दोघी मिळून.

पण खरा कहर पुढे आहे. मी दुकानात भांडत असताना बाहेर टोइंगची गाडी आली. एम.जी. रोडवर ती मी गाडी लावली की येतेच. धावलो, गाडी हलवली, परत येतो तर या पठ्ठ्याने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, बंद केलेलं, “पेनड्राइव्हवरून चालू होतं का बघत होतो.” आणि पडदा निळा. बिटलॉकर रिकव्हरी, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप. ४८ आकडी चावी द्या. वर मलाच विचारतो, “काका, असलं लॉक कशाला लावून ठेवता?”

काका! मी बेचाळीस वर्षांचा आहे. आत आलो तेव्हा ‘सर’ होतो.

मी लावलं? मी? २०२४ च्या शेवटी विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क गुपचूप कुलूपबंद होते, होम एडिशनमध्ये सुद्धा. चोराच्या हाती डेटा लागू नये म्हणून. छान आहे, हरकत नाही. ती चावी मला कधी ना कधी लागलीच असती, तेही मान्य. २०२४ च्या जुलैत त्या एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभरात ८५ लाख कॉम्प्युटर झोपले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले एकेका मशीनपुढे बसून हेच आकडे बडवत होते. पण त्यांच्याकडे निदान बडवायला आकडे होते! माझी चावी ज्या अकाउंटला जोडलेली, ते अकाउंट माझं नाहीच. पीसी विकणाऱ्या दुकानदाराने विंडोज टाकताना स्वतःचाच कुठलातरी मेल आयडी ठोकून दिला होता. “सर, सगळं रेडी करून दिलंय, फक्त बटण दाबा.”

त्याच्याकडे गेलो. हा वेगळा दुकानदार, पण त्याच गल्लीतला. तो म्हणाला, “ती आयडी आमच्या पोराच्या नंबरवर होती. पोरगा सोडून गेला.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माउस दाखवायला लागला. संपलं. माझ्या धंद्याची चावी पोराबरोबर सोडून गेली.

पोरगा आता नाशिकरोडला, बिटकोजवळ मोबाइलच्या दुकानात. फोन उचलेना म्हणून निघालो. सिंहस्थाच्या नावाने निम्मं नाशिक खोदलेलं, द्वारकेच्या चौकात नेहमीची गर्दी, ऊन मी म्हणतंय, आणि मी हेल्मेटच्या आत एक भाषण तयार करत होतो. फार जबरी भाषण होतं. त्यात ‘ग्राहक मंच’ हा शब्द तीनदा यायचा होता. पोहोचलो तर पोराने खुर्ची दिली, ताक मागवलं, “सॉरी दादा, शेठ सांगायचे तसं करायचो” म्हणाला, आणि लगेच अकाउंट उघडलं. भाषण ताकाबरोबर पोटात गेलं.

आणि मग त्या स्क्रीनवर जे दिसलं! माझी एक चावी नाही. यादी. खाली सरकवतोय, सरकवतोय, संपेना. त्या दुकानाने विकलेल्या किती पीसींना तोच एक आयडी दिलेला कोण जाणे. कुणी सीए असेल, कुणाचा क्लास असेल, कुणाचं द्राक्षाचं पॅकहाउस असेल, अर्ध्या नाशिकच्या चाव्या एका सोडून गेलेल्या पोराच्या मोबाइलवर! नावं सगळी सारखीच, डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं. निळ्या पडद्यावरच्या ‘की आयडी’चा, म्हणजे चावीच्या ओळखक्रमांकाचा, मी फोटो काढला होता म्हणून बरं, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवत बसलो दोघं. शेवटी सापडली. तुम्ही नवा पीसी आणला असेल तर आत्ता उठा आणि सेटिंगमध्ये बघा लॉगिन कुणाच्या नावाने आहे. माझं ऐका.

पीसी घरी आणला. घरी बायको आकडे वाचतेय, मी टाइप करतोय, सहा-सहाचे आठ गट. “सत्त्याऐंशी म्हणालीस की सत्त्याण्णव?” यावरून आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही. कुलूप उघडलं. विंडोज अर्थातच उघडलं नाही, ते अपडेटमध्ये मेलेलं ते मेलेलंच. पण रिकव्हरीच्या मेनूत कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, मिळाला, त्यात ‘नोटपॅड’ टाइप केलं, फाइल, ओपन, खाली ‘ऑल फाइल्स’, आणि समोर माझा सगळा डेस्कटॉप! ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात तेवढं बघायचं. राइट क्लिक, कॉपी, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. फुकट. बसल्या जागी. ज्या नोटपॅडला मी आयुष्यभर हसलो त्याने. एक्स्पर्टच्या बापाला सुचलं नाही हे.

फक्त पेस्ट केल्यावर किती झालं ते दिसत नाही, खिडकी आपली गोठून बसते. मी बाहेरच्या डिस्कच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत बसलो होतो, मध्येच तिला “चल गं, चल” म्हणत. धाकटीने विचारलं, बाबा कोणाशी बोलताय. नोटपॅडवर चिडता येत नाही, तेव्हा मग यूपीएसला दोन शिव्या हासडल्या.

पत्रिका सापडली. प्रिंटला जायच्या आधी पार्टीला पीडीएफ पाठवली, तर उत्तर आलं, “छान! फक्त हॉल बदललाय.”

आणि त्या फॉरमॅटवाल्याने ‘चेकिंग चार्ज’ म्हणून पाचशे रुपये घेतले ते घेतलेच, आज सकाळी मेसेज आलाय, “सर, आमच्या सेवेबद्दल फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाका.” सर! परत सर झालो. रिव्ह्यू लिहायला घेतलाय. पहिला मसुदा बायकोने वाचला आणि म्हणाली, यातलं ‘चांगलं’ एवढंच छापता येईल. तेही उपरोधाने लिहिलेलं होतं.