परदेशातून : फ्रेंचसाठी मराठी सोडू नका

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा एप्रिल २०२५ चा शासन निर्णय जूनअखेर मागे घेतला गेला, तरी भाषेचा वाद नाशिकमध्ये शमलेला नाही. घरोघरी तो वेगळ्या रूपात चालू आहे: आठवीला संस्कृत की फ्रेंच, अकरावीला मराठी ठेवायची की ‘स्कोरिंग’ फ्रेंच घ्यायची? जर्मनीतून हे वाचताना वाईट वाटतं, कारण फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन साहित्य शिकवणं हा आयुष्यभराचा पेशा असू शकतो, हे या चर्चेत येतच नाही. फार तर ‘पुढे क्लास काढता येतील’ इथवर गाडी जाते.

क्लास घेणं आणि विद्यापीठात शिकवणं यांत मोठं अंतर आहे. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-टू पातळीपर्यंत पोहोचायला साधारण ६०० तास लागतात. चार विभाग, प्रत्येकी २५ गुण; एकूण ५० मिळाले आणि कुठल्याच विभागात ५ च्या खाली घसरलं नाही की पास. पण एम.ए.ला सतराव्या शतकातलं नाटक समोर आलं की तेवढ्यावर भागत नाही. बोलता येतं, वाचनाचा दम नसतो, आणि विद्यार्थी तिथेच अडतो.

पुढची वाट पुणे, जेएनयू किंवा हैदराबादच्या इफ्लू या इंग्रजी व परदेशी भाषांच्या विद्यापीठातून जाते. मग नेट ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा: दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, मात्र कायम जागा मोजक्या. बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षं काढतात.

जर्मनीतही हा रस्ता सरळ नाही. पीएच.डी. फ्रेंचवर केली तर प्राध्यापक होण्यासाठी लिहायचा नंतरचा संशोधनग्रंथ शक्यतो स्पॅनिश किंवा इटालियनवर हवा, कारण प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत बहुधा दोन भाषा मागतात. विद्यापीठातल्या मुदतीच्या नेमणुकांना कायद्याने पीएच.डी.आधी ६ आणि नंतर ६ वर्षांची मर्यादा आहे. तेवढ्यात कायम जागा मिळाली नाही, तर चाळिशीच्या सुमारास दुसरं काम शोधावं लागतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तर २०२३ मध्ये परदेशी भाषांचे पदवी अभ्यासक्रमच बंद करायचं ठरवलं.

अशा स्पर्धेत नाशिकच्या मुलाकडे वेगळं काय असतं? मराठी. फ्रेंचमधला एक नियम युरोपीय विद्यार्थ्यांनाही छळतो: ‘इल आ एक्री ला लेत्र’ म्हणजे त्याने चिठ्ठी लिहिली, पण चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली की ‘ला लेत्र किल आ एक्रीत’. कर्म स्त्रीलिंगी, म्हणून शेवटचा त उच्चारात येतो. ‘त्याने चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला’ असं बोलणाऱ्याला क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलणं नवं नाही. शिकवताना हा धागा मात्र क्वचितच पकडला जातो. नियम इंग्रजीतून येतो आणि उगाच अवघड होतो.

साहित्यातही तेच. शिरवाडकरांनी फ्रेंच नाटककार झाँ आनुईचं ‘बेकेट’ मराठीत आणलं. मूळ फ्रेंच आणि मराठी नाटक शेजारी ठेवून राजा-बेकेट यांचा एकच प्रवेश ओळीओळीने ताडून पाहावा: संबोधनं कुठे बदलली, कुठली वाक्यं गाळली, रंगमंचासाठी काय वाढवलं. वीस पानांचा पहिला शोधनिबंध यातून उभा राहतो, आणि तो लिहायला दोन्ही भाषा तितक्याच पक्क्या लागतात. म्हणून अकरावीचा अर्ज भरताना मराठी ठेवा, फ्रेंच संध्याकाळच्या वर्गात शिका, आणि बी-टूच्या आधीची बी-वन पातळी झाल्यावर लगेच स्पॅनिश सुरू करा.