गावच्या स्मरणिका कुणाच्या ट्रंकेत आहेत?

पावसाळा संपला की आम्ही वाचनालयाची कपाटं रिकामी करून पुस्तकांना ऊन दाखवतो. यंदा तळाच्या खणातलं एक गाठोडं उघडलं आणि हाताला नुसती माती लागली. गावच्या साहित्य संमेलनाच्या जुन्या स्मरणिका होत्या त्या. वाळवीने आतलं सगळं पोखरलेलं, कव्हरं तेवढी शिल्लक. एका कव्हरवर स्वागताध्यक्षांचं नाव अजून वाचता येत होतं. त्यांचं भाषण आत होतं, ते गेलं. दुसरी प्रत मिळते का बघायला चार घरं फिरलो. एका घरी मिळाली, तिचीही शेवटची पानं गळलेली.

त्याच रात्री एका शब्दासाठी मोबाईलवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. 1857 सालची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. शब्द टाकला, अर्थ समोर. इंग्रज अधिकाऱ्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी गोळा केलेले शब्द मला अंथरुणात बसून मिळतात, आणि माझ्याच गावातल्या माणसाने माझ्या लहानपणी केलेलं भाषण कुठेच मिळत नाही. ही गोष्ट मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

डिजिटल ग्रंथालयांनी आपल्याला काय दिलं ते आधी मोकळेपणाने सांगतो. मी शाळेत असताना ज्ञानकोशाचा एखादा खंड बघायचा तर एसटीने बेळगावात जायचं, तिथे बसूनच टिपून घ्यायचं आणि शेवटची गाडी चुकायच्या आत स्टँड गाठायचं. आज केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड आणि मराठी विश्वकोश खानापूरच्या आडगावातली मुलगीही वाचू शकते. तिला सभासद वर्गणी लागत नाही, अनामत लागत नाही, तू कुठल्या राज्यातली असंही कुणी विचारत नाही. सीमाभागातल्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

जुनी, बाजारातून गेलेली मराठी पुस्तकं मला सगळ्यात जास्त मिळाली ती 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'च्या खजिन्यात. या प्रकल्पाचा समन्वय बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे होता. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं, पण लाखो पुस्तकांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह' या खुल्या डिजिटल संग्रहात आहेत. म्हणजे आमच्यापर्यंत मराठी पुस्तकं आली त्या वाटेवर बंगळूरूही होतं, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. शोधताना मात्र घाम निघतो. पुष्कळ पुस्तकांची नावं रोमन लिपीत, तीही मोडकी-तोडकी चढवलेली. देवनागरीत शोधलं तर काही निघत नाही. एकच नाव चार तऱ्हेने लिहून बघावं लागतं, तेव्हा कुठे पुस्तक हाती येतं. तिथे ठेवलेलं पुस्तक आणि सापडणारं पुस्तक यांत फार अंतर आहे.

आता ओव्यांचं सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर येत असतात. संग्रह 1 लाखाहून अधिक ओव्यांचा. ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि कित्येक ठिकाणी तिचा आवाजसुद्धा. एका संध्याकाळी मी आईला त्यातल्या काही ऐकवल्या. ती भाकरी थापत होती, हात थांबला. दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "खरं आमच्यात ही अशी न्हाई म्हणत." आणि तिने तीच ओवी आमच्या वळणाने म्हटली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. आणि आमच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. आमची बोली अशीच आहे, कन्नडशी शेजार करून घडलेली, आणि ती कोशात कमी, बायकांच्या तोंडी जास्त आहे. आईची ओवी मी त्याच रात्री फोनवर रेकॉर्ड केली. तोवर ती कुठेही नव्हती. आई गेली असती तर तिच्याबरोबरच गेली असती.

माझं म्हणणं इतकंच आहे. डिजिटल ग्रंथालयातून आपण भरभरून घेतोय, तिथे आपलं ठेवतोय फार थोडं. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तो इतिहासात नोंदला गेला. पण कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी इथे गावकरी वर्गणी काढून, शेतात मांडव घालून, ग्रंथदिंडी काढून संमेलनं भरवतात, त्यांचं काय? कुठलं खेडं असं करतं सांगा! त्यांच्या स्मरणिका मी ऑनलाइन बरंच शोधल्या, मला मिळाल्या नाहीत. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या, शाळांची हस्तलिखितं, बाडात बांधलेले मोडी कागद, सगळं अजून ट्रंकेत नाहीतर माळ्यावर आहे. पन्नास वर्षांनी कुणी सीमाभागाचा अभ्यास करायला बसेल, त्याला कोर्टाचे कागद आणि आंदोलनाच्या बातम्या मिळतील. आपण काय वाचत होतो, काय गात होतो, ते मिळणार नाही.

शेजारच्या कन्नड मित्रांकडून शिकण्यासारखं आहे. 'वचन संचय' या उपक्रमात स्वयंसेवकांनी शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या संतांची, हजारो वचनं युनिकोडमध्ये आणली. एक शब्द टाकला की तो कुणाकुणाच्या वचनात आलाय ते दिसतं. कामाला लागलेली माणसं थोडी, पण नेटाने केलं. आपल्या अभंगांच्या आणि भजनांच्या वह्यांचं असं व्हावं असं मला फार वाटतं.

सरकारकडे मागणीही करायला हवी. कर्नाटकात 1965 च्या कायद्याखाली मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर लागतो, तो आपणही भरतो. सार्वजनिक ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात इथल्या मराठी, उर्दू, कोंकणी साहित्याला जागा मागणं हा आपला हक्क आहे. पण मागणी मंजूर होईपर्यंत वाळवी थांबणार नाही.

म्हणून आम्ही चौघांनी सुरुवात केली. बांधणी सुटलेली पानं स्कॅनरवर 300 डीपीआयने, बांधलेल्या वह्या फोनने, दिवसाच्या उजेडात. नोंदीत गावाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीत. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, रोमनमधलं जुनं स्पेलिंग आणि 2014 नंतरचं नवं, सगळं टाकतो. नावाचा वाद आपल्या जागी, शोधणाऱ्याला कागद मिळाला पाहिजे.

हक्कांचं भान ठेवतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, आणि स्मरणिकेतला लेख साधारणपणे ज्याचा त्याचा असतो. त्यामुळे लेखकाच्या किंवा वारसांच्या दारात जाऊन लेखी परवानगी घेतो. आजवर कुणी नाही म्हटलं नाही. एका काकांनी सही करताना आपली जुनी कविता पुन्हा वाचली आणि बराच वेळ कागद हातातून सोडला नाही. ज्यांची परवानगी मिळत नाही त्यांचं स्कॅन करून नुसतं जपून ठेवतो, इंटरनेटवर चढवत नाही.

एक गोष्ट तरुणांना सांगायची आहे. हे सगळं फोनवर येणार म्हणून गावचं वाचनालय बंद करायची भाषा करू नका. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना पीडीएफ नको, चष्मा आणि बाकडं हवं. आणि कुठल्या घरात कुठली वही आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. आमची निम्मी यादी त्यांनीच सांगितली.

दर रविवारी सकाळी 10 ते 1 आम्ही वाचनालयात असतो. स्मरणिका, वह्या, मोडी कागद, जे असेल ते घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करू, कागद त्याच दिवशी परत. आणि त्या स्वागताध्यक्षांच्या भाषणाची धड प्रत कुणाकडे असेल तर रविवारची वाट बघू नका, निरोप द्या. मी घरी येतो.