गाभ्यावर खापर फोडण्याआधी

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेचा सूर तिखट आहे, पण तुम्ही मापं दिली आहेत. मापं देणाऱ्या माणसाशी भांडायलाही बरं वाटतं. म्हणून दोन ओळींत उत्तर उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लॅमिनेटेड लाँगबोवरचा, म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेल्या लांब धनुष्यावरचा, माझा लेख वाचून तुम्ही तीन थरांचं धनुष्य केलंत: पाठीला बांबू, गाभ्याला मेपल, पोटाला ॲश. लांबी 66 इंच, दोरी 28 इंचांपर्यंत ओढताना 45 पौंड जोर. शंभरेक बाण सोडल्यावर पोटावर बारीक आडव्या रेघा उमटल्या आणि दोरी उतरवली तरी भुजांनी, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांनी, दोन इंच बाक धरून ठेवला. "गाभ्याला कुठलंही लाकूड चालतं असं तुम्ही लिहिलंत, त्यामुळे मी स्वस्तातला मेपल घातला आणि फसलो. पुढच्या वेळी गाभ्याला पर्पलहार्ट घालणार." आणि शेवटी दोन टोले: लॅमिनेशन म्हणजे लाकडाचे दोष झाकायची युक्ती, यू झाडाच्या एकसंध लाकडाची सर तिला नाही, आणि लाकडांचं सरळ कोष्टक द्यायचं सोडून मी गणित शिकवत बसतो.

गणितापासूनच सुरुवात करतो, नाइलाज आहे.

धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधे कुठेतरी एक पातळी अशी असते जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. गाभा तिच्या आजूबाजूला बसतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एकूण जाडीचा मधला एक तृतीयांश भाग गाभ्याला दिला, तर वाकण्याला होणाऱ्या विरोधात त्याचा हिस्सा तीनाच्या घनाइतका लहान, म्हणजे एक सत्तावीसांश होतो. चार टक्केसुद्धा नाही. तुमच्या मेपलच्या जागी दुप्पट ताठ असं एखादं काल्पनिक लाकूड घातलंत तरी 45 पौंडांचे पावणेसत्तेचाळीसच्या आसपास होतील. ते दोन पौंड तर पोटावर रंध्याचे चार हात फिरले की निघून जातात.

आडव्या रेघा म्हणजे पोटाचे तंतू दाबाखाली चुरडल्याची खूण. ते चुरडण्याचं काम गाभ्याच्या मऊपणाने झालेलं नाही.

आता माझी चूक. "गाभ्याला कुठलंही लाकूड चालतं" हे वाक्य मी ताठपणापुरतं खरं धरून लिहिलं आणि वजन विसरलो. गाभा कामात सत्ताविसावा हिस्सा उचलतो, पण आकारमानात पुरता तिसरा हिस्सा खातो. भुजेच्या मुळाशी हे वजन खपून जातं. टोकाशी नाही, कारण बाण सुटताना सगळ्यात जोरात टोकं धावतात आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. टोकाला वाहिलेली ही ऊर्जा बाणाला मिळत नाही. बाण सुटला की तिच्यातली बरीचशी मुठीत धक्का बनून येते. म्हणजे गाभा हलका हवा. मेपल घनमीटरला साधारण 700 किलो भरतो आणि पर्पलहार्ट 900 च्या घरात. पर्पलहार्ट दिसतं देखणं, जुन्या इंग्रजी धनुष्यांतही गाभ्याला ते वापरलेलं आहे, पण तुमच्या दुखण्यावर ते औषध नव्हे. उलट टोकं जड होतील. मूळ लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त केलं.

गाभ्याबद्दल आणखी एक गोष्ट त्या लेखात राहून गेली होती. ताण आणि दाब मध्यभागी नाहीसे होत असले तरी कातर, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर, नाहीशी होत नाही, ती तिथेच सर्वाधिक असते. तीन सारख्या थरांत गोंदाच्या दोन्ही रेषांवर कमाल कातरेच्या 89 टक्के कातर येते. लांब, सडपातळ भुजेत हा आकडा मुळात फार मोठा नसतो, पण कच्चा सांधा तेवढ्यानेही सुटतो. त्यामुळे गाभ्याचं लाकूड चांगलं चिकटणारं आणि सरळ रेषांचं असावं. मेपल या दोन्हीत नापास होत नाही.

मग पोट का चुरडलं? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण तुमच्या प्रतिक्रियेत बांबूचा उल्लेख फक्त एकदाच आहे आणि मला संशयित तोच वाटतो.

बांबू हे लाकूड नाही, गवत आहे. त्याचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. ताणात त्याला तोडणं फार अवघड, म्हणून पाठीला तो नामी. पण तो ताठही असतो, आणि पाठ पोटापेक्षा ताठ झाली की ती मधली शून्य पातळी पाठीकडे सरकते. पोटाचा पृष्ठभाग तिच्यापासून लांब पडतो आणि तेवढ्याच वाकासाठी त्याला जास्त आखडावं लागतं. पाठ आरामात, सगळी शिक्षा पोटाला. त्यात तुम्ही पोटाला घातलंत ॲश. हे लाकूड ताणात चांगलं, दाबात हळवं. तुमची बांबूची पट्टी मधोमध 5 मिलिमीटर आहे असं तुम्हीच लिहिलंय. एवढी जाड पाठ ॲशला झेपणारी नाही.

बांबू मधोमध तीनेक मिलिमीटरपर्यंत आणि कडांना जवळजवळ कागदासारखा उतरवावा. हे तासकाम नेहमी आतल्या बाजूने करायचं. आतून काढता तो विरळ भाग असतो, त्यामुळे जाडी निम्मी झाली तरी ताकद निम्मी होत नाही. बाहेरची साल आणि पेरांवरचे उंचवटे मात्र सपाट करू नका, तंतू तिथेच तुटतात. एवढं करूनही पाठ भारी वाटली तर तिची रुंदी कमी करा. भुजेचा छेद पाठीला अरुंद आणि पोटाला रुंद असा समलंब झाला की शून्य पातळी पोटाकडे परत येते.

कोष्टकाची मागणी बरेच जण करतात. का देत नाही ते एका उदाहरणाने सांगतो. लाकूड मोडेपर्यंत किती वाकेल याचा ढोबळ अंदाज मोडताना सोसलेला ताण भागिले ताठपणा या गुणोत्तराने येतो. यूचा ताण सुमारे 97 मेगापास्कल आणि ताठपणा 9.3 गिगापास्कल, म्हणजे 1.04 टक्के. हिकरी 0.93, ॲश 0.86, इपे 0.80. कोष्टक छापलं तर इपे तळाला आणि तुमचं ॲश त्याच्या वर. प्रत्यक्षात पोटासाठी इपे ॲशला कुठल्या कुठे मागे टाकतं. कारण असं की इपेचा ताठपणा 22 गिगापास्कल आहे, ॲशचा 12. तेवढीच रुंदी आणि तेवढीच ओढ ठेवून इपेची भुजा सुमारे 18 टक्के पातळ करता येते, आणि भुजा पातळ झाली की पृष्ठभागावरची ओढाताणही तेवढीच उतरते. हा हिशोब धरला की क्रम उलटतो. शिवाय इपेचं दाबातलं बळ वेगळंच. पण तेच इपे घनमीटरला हजार किलोंच्या वर भरतं, पाण्यात बुडतं. म्हणजे भुजा अरुंद हवी आणि टोकं तर अगदी निमुळती. एवढं सगळं कोष्टकाच्या कुठल्या रकान्यात भरू? चांगलं लाकूड कोणतं, असं विचारलंत की मी उलट विचारतो, छेदात कुठल्या जागी?

यूबद्दल फार भांडत नाही, ते लाकूड मलाही प्रिय आहे. पण ज्याला तुम्ही एकसंध म्हणता ते धनुष्य मुळात दोन थरांचं असतं. पाठीला फिकट रसकाष्ठ, म्हणजे खोडाचं सालीकडचं लाकूड, ते ताण सोसतं. पोटाला तांबूस अंतःकाष्ठ, म्हणजे खोडाचं आतलं लाकूड, ते दाब सोसतं. 1545 मध्ये बुडालेलं आणि 1982 मध्ये वर काढलेलं मेरी रोझ हे जहाज आठवा. त्यातून 130 हून अधिक अखंड यू धनुष्यं निघाली, ती सगळी या जातीची. आपण गोंदाने करतो ते त्या झाडाने वाढता वाढता केलं. आणि तसं यू तेव्हाही मागाल तेवढं मिळत नव्हतंच. 1472 मध्ये इंग्लंडला कायदा करावा लागला की बंदरात येणाऱ्या जहाजाने मालाच्या दर टनामागे धनुष्याच्या चार फळ्या आणाव्यात. दोष झाकायच्या युक्तीबद्दल एवढंच म्हणतो की जपानी युमी घ्या, दोन मीटरहून लांब, आतबाहेर बांबू आणि मधे लाकडाच्या पट्ट्या. शतकानुशतकं ती अशीच घडते, आणि तिला कोणी तडजोड म्हणत नाही.

गोंदाबाबत स्वतःची एक फजिती सांगतो, म्हणजे हिशोब बरोबरीत येईल. माझ्या पहिल्या इपे धनुष्याचं पोट तिसऱ्याच दिवशी गाभ्यापासून उलगडलं. पट्टी ॲसिटोनने पुसली होती, पण आदल्या संध्याकाळी. इपेचं तेल रात्रीत पुन्हा पृष्ठभागावर आलं आणि इपॉक्सी त्या तेलाला चिकटलं. तेलकट लाकूड जाड्या सँडपेपरने ताजं खरबरीत करायचं, लगेच पुसायचं आणि लगेच चिकटवायचं. क्लॅम्पही जीव खाऊन आवळायचे नाहीत, सगळं इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. आणि मास्क घाला. इपेचा भुसा घशाला झोंबतो. यू तर विषारी झाड आहे, त्याच्या भुशाशी खेळ नको.

पुढच्या धनुष्याला मेपलचा गाभा तसाच ठेवा. पोटाला ओसेज ऑरेंज मिळालं तर उत्तम. फ्रेंचांनी त्याला धनुष्याचं लाकूड असंच नाव दिलं होतं. नाही तर इपे, वर सांगितलेल्या काळजीनिशी. ॲशच हाताशी असेल तर लांबी 72 इंच करा, भुजा रुंद करा, बांबू पातळ करा. आणि पट्ट्या सुकल्यात का ते पाहा: रोज वजन करायचं, आकडा घटायचा थांबला की आजूबाजूच्या हवेच्या मानाने त्या सुकल्या. ओलसर ॲश बाक धरणारच, तुमच्या दोन इंचांतला काही वाटा कदाचित तिथला असेल.

एक शक्यता मात्र मी अजून सोडलेली नाही, आणि ती खरी निघाली तर वरचं निम्मं उत्तर मला मागे घ्यावं लागेल. रेघा दोन्ही भुजांवर पसरल्या आहेत की एका जागी वीतभर अंतरात दाटल्या आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पसरल्या असतील तर बांबू आणि ॲशची जोडी चुकली. एकाच जागी असतील तर तिथे बिजागरीसारखा जास्त वाक पडतोय आणि दोष वाक जुळवताना झालेल्या खरवडण्याचा आहे. तिथे कुठलंही पोट चुरडलं असतं. आता हे धनुष्य 28 इंचांपर्यंत ओढू नका. वीसेक इंचांवर अडकवून बाजूने फोटो काढा, आणि रेघांच्या जागी कडेवरून ॲशची पट्टी किती मिलिमीटर उरली आहे ते मोजून तो आकडा, आणि रेघा कुठे आहेत ते, इथेच लिहा.